दार लावलं, लावून घेतलं, लावून टाकलं

एका आईचं पत्र आलंय. थोडं आवरून देते. आयबी डिप्लोमा म्हणजे अकरावी-बारावीच्या वयाचा दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम. त्यात किमान तीन विषय एचएलला, म्हणजे वरच्या स्तराला (हायर लेव्हल), घ्यावे लागतात, आणि बाकीचे एसएलला, म्हणजे साध्या स्तराला (स्टँडर्ड लेव्हल).

‘माझी मुलगी १६ वर्षांची आहे. पुढच्या सत्रात तिचा आयबी डिप्लोमा सुरू होतोय. तिला इंजिनिअरिंगला जायचंय, त्यामुळे गणित आणि फिजिक्स एचएल हे ठरल्यातच जमा आहे. घोळ इंग्रजीपाशी आहे. शाळेत दोन कोर्स आहेत, “लिटरेचर” आणि “लँग्वेज अँड लिटरेचर”. तिला लिटरेचर हवंय, तेही एचएल. तिचे बाबा म्हणतात, लँग-लिट घे, एसएल घे, सोपं असतं, मार्क मिळतात. तिसरं एचएल बिझनेस घे. ओळखीचे पालकही हेच सांगतात. ती कविता लिहिते, पण मला दाखवत नाही. आम्ही घरी मराठी बोलतो, ती उत्तरं इंग्रजीत देते. शाळेच्या पत्रकात मातृभाषेचं साहित्य स्वतः अभ्यासण्याची सोय असल्याचं वाचलं. ते सुचवावं का? फॉर्म द्यायला दहा दिवस उरलेत आणि घरात रोज वाद होतोय.’

ताई,

‘सोपं’ या शब्दापासून सुरुवात करते, कारण तुमच्या घरातला सगळा वाद त्याच्याभोवती फिरतोय. मी बरीच वर्षं हे दोन्ही कोर्स शिकवले. दर वर्षी काही मुलं लँग-लिटच्या वर्गात यायची ती घरच्यांनी ‘सोपं आहे’ म्हणून पाठवलेली. पहिलं सत्र संपता संपता ती मला विचारायची, ‘मिस, यातही कादंबऱ्या आहेत?’ आहेत. नाटकं आहेत, कविताही असू शकतात. दोन्ही कोर्सचा सांगाडा एकच आहे. एसएलला १५० तास शिकवायचं, एचएलला २४०. दोन्हींत पेपर १ म्हणजे आधी कधीही न पाहिलेल्या मजकुराचं विश्लेषण. पेपर २ म्हणजे वर्गात शिकलेल्या दोन साहित्यकृतींची तुलना करणारा निबंध, पावणेदोन तासांत, पुस्तक जवळ न ठेवता. शिवाय १५ मिनिटांची तोंडी परीक्षा. एसएलला या तिघांचं वजन ३५, ३५ आणि ३० टक्के. एचएलला ३५, २५ आणि २०, आणि उरलेले २० टक्के घरी लिहायच्या निबंधाला. कोर्स कुठलाही घ्या, हे आकडे बदलत नाहीत.

बदलतं ते वाचायचं काय आणि किती. लिटरेचरला एसएलमध्ये ९ साहित्यकृती आणि एचएलमध्ये १३. लँग-लिटला ४ आणि ६. मात्र तिथला जवळजवळ निम्मा वेळ साहित्येतर मजकुराला जातो: जाहिराती, भाषणं, व्यंगचित्रं, वृत्तपत्रांतले स्तंभ, माहितीपत्रकं. आणि पेपर १ मध्येही तेच येतं. लिटरेचरवाल्या मुलीसमोर अनोळखी कविता किंवा गद्याचा उतारा येईल, लँग-लिटवालीसमोर एखादी जाहिरात किंवा लेख. एसएलला दोनांपैकी एक निवडायचा, एचएलला दोन्ही सोडवायचे.

तेरा आणि सहा हे आकडे शेजारी ठेवले की कुणालाही सहा सोपे वाटणार. पण मला उलटा अनुभव आला आहे. कविता परकी वाटते, म्हणून मूल तिच्यापाशी थांबतं, दोनदा वाचतं. जाहिरात ओळखीची वाटते, म्हणून ते ती वाचतच नाही. ‘लाल रंग लक्ष वेधून घेतो’ असं लिहितं आणि पेन खाली ठेवतं. जे रोज डोळ्यांसमोरून जातं त्याच्यापाशी थांबून ‘हे माझ्याकडून काय करवून घ्यायला बघतंय?’ असं विचारणं हे सोळाव्या वर्षी फार कमी मुलांना आपणहून जमतं. शिकवावं लागतं, आणि वेळ लागतो.

म्हणून लँग-लिट कमी दर्जाचं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. माझा एक विद्यार्थी होता, कवितेच्या नावाने तोंड वाकडं करणारा. तो एका नेत्याच्या भाषणांवर काम करायला बसला आणि एका शब्दावर अडला. इंग्रजीत ‘वुई’ एकच. त्याच्या घरी मात्र ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. त्याने भाषणातला प्रत्येक ‘वुई’ घेतला आणि विचारलं, इथे ऐकणारा आत आहे की बाहेर? पहिल्या अर्ध्या भाषणात ‘वुई’ म्हणजे ‘आम्ही’, सत्तेत बसलेले. त्याग करायची वेळ आली की तोच शब्द गुपचूप ‘आपण’ होतो. वर्गातल्या इतर कुणालाही हे दिसलं नव्हतं. त्याला दिसलं, कारण त्याच्या घरच्या भाषेने त्याला ते आधीच शिकवून ठेवलं होतं. तुमची मुलगी उत्तरं इंग्रजीत देत असेल, पण कानावर मराठी पडतेय ना? ते वाया जात नाही. याकडे मी परत येणार आहे.

तर मग निवडायचं कसं? ‘तुला काय आवडतं’ असं विचारू नका. या वयात त्याचं उत्तर मैत्रिणींना काय आवडतं यावर ठरतं, किंवा बाबांना काय आवडत नाही यावर. त्याऐवजी एक दुपार मोकळी काढा. तिच्या इंग्रजीच्या शिक्षकांकडून एक अनोळखी छोटी कविता आणि एक अनोळखी जाहिरात किंवा भाषणाचा तुकडा मागून घ्या. प्रत्येकाला ४० मिनिटं. फोन बाहेर, मदत नाही. मग दोन्ही कागद शिक्षकांना दाखवा आणि फक्त दुसरा परिच्छेद बघायला सांगा. पहिला परिच्छेद कुणालाही लिहिता येतो, त्यात शाळेत शिकवलेल्या संज्ञा येतात, ‘रूपक’, ‘टोन’ वगैरे. दुसऱ्या परिच्छेदात कळतं की तिच्याकडे अजून काही सांगायला आहे की संपलं. ज्या कागदावर दुसरा परिच्छेद पहिल्यापेक्षा चांगला उतरला, तो तिचा कोर्स. दहा दिवसांत हे सहज होण्यासारखं आहे.

आता एचएलचं. इथे बाबांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही, कारण त्यांची काळजी खरी आहे. गणित एचएल आणि फिजिक्स एचएलच्या जोडीला १३ पुस्तकं हे ओझं आहेच. फिजिक्सचा गृहपाठ रात्री उशिरा बसून दोन तासांत उरकता येतो. कादंबरी उरकता येत नाही. तीनशे पानांना तीनशे पानांचा वेळ द्यावाच लागतो, आणि परीक्षेत तिच्यावर लिहायचं तर दोनदा द्यावा लागतो. सारांश वाचून पेपर २ लिहिलेली मुलं तपासणाऱ्याला पहिल्या पानावर ओळखू येतात. त्यामुळे तिला हवंच असेल तर अट घाला: शिक्षकांकडून पहिल्या वर्षाची यादी आत्ताच घ्यायची आणि सत्र सुरू होण्याआधीच्या सुट्टीत त्यातली दोन-तीन पुस्तकं वाचून संपवायची. ती हे कुरकुर न करता करत असेल तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं. पुस्तकं उघडलीच गेली नाहीत, तर तेही उत्तरच आहे.

बाबांना मात्र दोन गोष्टी सांगा. एक, डिप्लोमात सहा विषय, प्रत्येकाला ७ गुण, आणि मुख्य गाभ्याचे (सगळ्यांना सक्तीचा दीर्घ निबंध वगैरे) ३, असे ४५. बिझनेसमधले ६ आणि लिटरेचरमधले ६ या बेरजेत सारखेच असतात, एचएल असो की एसएल. दोन, इंजिनिअरिंगचे बहुतेक अभ्यासक्रम गणित आणि फिजिक्सबद्दल काटेकोर असतात आणि तिसऱ्या एचएलबद्दल बरेचसे मोकळे. पण काही ठिकाणी केमिस्ट्री लागते. ‘बहुतेक’वर विसंबू नका. ज्या चार-पाच विद्यापीठांचा विचार चालू आहे त्यांच्या प्रवेशाच्या अटी बाबांनी स्वतः बसून वाचाव्यात आणि कागदावर उतरवाव्यात. वादात नुसतं मत देण्यापेक्षा हे काम त्यांच्याकडे द्या. तेही मनापासून करतील असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट: एचएलवरून एसएलवर उतरणं पहिल्या काही महिन्यांत साधारणपणे शक्य असतं. एसएलवरून एचएलवर चढणं फार अवघड, कारण तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. दोन्ही स्तर नजरेत असतील तर वरच्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं. तुमच्या शाळेत हा बदल कुठल्या तारखेपर्यंत चालतो ते शाळेतल्या आयबी कोऑर्डिनेटरना विचारा आणि ईमेलवर उत्तर घ्या.

पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण मला ऐकू आलेला प्रश्न असा: इंजिनिअर व्हायचंय तर कविता शिकून काय करणार? त्यावर मी तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगते. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना कविता वाटल्या, कवीचं नाव काढून, आणि म्हणाले, वाचा आणि काय वाटतं ते लिहा. जमा झालेल्या उत्तरांचं विश्लेषण त्यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलं. उत्तम शिकलेली ती मुलं, आणि त्यांतल्या अनेकांना कवितेचा साधा सरळ अर्थसुद्धा लागला नव्हता. समोर काय लिहिलंय ते न वाचता, मनात आधीच तयार असलेल्या भावना त्यांनी त्या ओळींवर चिकटवल्या होत्या. नामवंत कवींच्या कविता हलक्या ठरवल्या गेल्या, सुमार कवितांचं कौतुक झालं. आजचा पेपर १ हा त्या प्रयोगाचाच वारस आहे. कागदावर जे आहे ते वाचणं आणि जे नाही ते त्यात न घुसडणं. मला हे कौशल्य सगळ्या शालेय शिक्षणातलं सगळ्यांत दुर्मीळ वाटतं. फिजिक्सच्या उदाहरणात न दिलेली माहिती गृहीत धरणारं मूल आणि कवितेत न लिहिलेली भावना वाचणारं मूल मला कित्येकदा एकच आढळलं आहे.

आता घरच्या भाषेकडे येते.

ही तीन वाक्यं बघा. ‘तिने दार लावलं.’ ‘तिने दार लावून घेतलं.’ ‘तिने दार लावून टाकलं.’ दार एकच, कृती एकच. पहिल्यात नुसती घटना. दुसऱ्यात ती आत आहे, एकटी, आणि तिला तिथेच राहायचंय. तिसऱ्यात राग आहे, किंवा कंटाळा, किंवा काहीतरी कायमचं संपवल्याची भावना. ‘घेणं’ आणि ‘टाकणं’ या दोन क्रियापदांनी एवढं सगळं केलं. आज ही तीन वाक्यं तुमच्या मुलीसमोर ठेवा आणि म्हणा, याचं इंग्रजी कर. नुसतं भाषांतर नको, फरक शाबूत ठेवून कर. ती अडेल. मग कदाचित चिडेल, मग तिला मजा येईल. शब्दांच्या एवढ्या जवळ जाऊन बसणं हाच तिच्या त्या कोर्सचा गाभा आहे, आणि ते तुम्ही दोघी स्वयंपाकघरात करू शकता. तुम्हाला त्यासाठी साहित्याची पदवी लागत नाही. या खेळात तुम्ही तिच्या पुढे आहात आणि तिला ते कळणं चांगलं.

शाळेच्या पत्रकातली सोय म्हणजे ‘स्कूल सपोर्टेड सेल्फ टॉट’. ती फक्त लिटरेचरच्या कोर्सला आणि फक्त एसएलला मिळते. भाषेचा वर्ग भरत नाही. मूल स्वतः वाचतं, शाळा वेळापत्रक, मार्गदर्शन आणि देखरेख पुरवते, बऱ्याचदा बाहेरून एक शिकवणारी व्यक्ती जोडली जाते. याचा मोह पडण्यासारखं बरंच आहे. इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषा पहिल्या गटातून, म्हणजे साहित्य अभ्यासायच्या भाषा म्हणून, घेतल्या तर दुसऱ्या गटातली परकी भाषा घ्यावी लागत नाही, आणि दोन्हींत किमान ३ गुण मिळाले तर पदविका द्विभाषिक म्हणून मिळते. भाषा आयबीच्या नेहमीच्या यादीत नसेल तर शाळेला तिच्यासाठी खास विनंती करावी लागते आणि तिची मुदत परीक्षेच्या खूप आधी असते, म्हणून कोऑर्डिनेटरना हे याच आठवड्यात विचारा.

पण ताई, ‘स्वतः’ हा शब्द इथे हलक्याने घेऊ नका. ९ साहित्यकृती, त्यांवर मराठीत निबंध, मराठीत तोंडी परीक्षा, आणि शेजारी बसून कुरकुर करायला वर्गातलं एकही मूल नाही. पुस्तकांवर भांडायला वर्ग लागतो. एकट्याने वाचणारं मूल पहिल्या कंटाळवाण्या पुस्तकाशी थांबतं आणि मग महिनाभर थांबूनच राहतं. मी हा कोर्स फुललेलाही पाहिलाय आणि कोमेजलेलाही, आणि फरक जवळजवळ नेहमी एकाच गोष्टीने पडला: आठवड्यातला एक ठरलेला तास, एक ठरलेलं माणूस, जे ते पुस्तक खरोखर वाचून आलेलं आहे.

तुम्ही लिहिता की ती उत्तरं इंग्रजीत देते. बोलण्याचं सोडा, ती मराठी वाचते का? एक दहा पानांची मराठी कथा तिला द्या आणि घड्याळ न दाखवता वेळ मोजा. अर्ध्या तासात वाचून ‘त्याने असं का केलं?’ असं काही विचारत आली तर हा पर्याय खरा आहे. ओळीखाली बोट धरून पाऊण तास लागला आणि शेवटी नुसतं ‘छान आहे’ म्हणाली, तर गणित-फिजिक्स एचएलच्या जोडीला हे तिच्यावर लादू नका. भाषेवरचं प्रेम परीक्षेच्या ओझ्याखाली गेलं की मग ती भाषा ऐकली तरी अंगावर येते. तसं झालेली मुलं मोठी झाल्यावर मला भेटली आहेत. ती अजूनही घरच्या भाषेतलं पुस्तक हातात घेत नाहीत.

तेव्हा मराठी विषय म्हणून आली नाही तर दुसऱ्या वाटेने येऊ शकते, आणि ही वाट फार कमी पालकांना ठाऊक असते. लिटरेचरच्या कोर्सला अनुवादित साहित्य सक्तीचं आहे: एसएलला किमान ३ कृती, एचएलला किमान ४. तोंडी परीक्षेत तर एक कृती मूळ इंग्रजीतली आणि एक अनुवादित, अशीच जोडी लागते. शिवाय काही कृती शिक्षक मोकळेपणाने निवडू शकतात, एसएलला २ आणि एचएलला ४. निवड शिक्षकांची असते, पण चांगल्या शिक्षकांना सुचवलेलं आवडतं. इंग्रजीत चांगला अनुवाद झालेली एखादी मराठी कृती तुम्ही त्यांच्यासमोर ठेवलीत आणि ती यादीत आली, तर तुमची मुलगी वर्गात एकटी असेल जिला मूळ आणि अनुवाद दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतील. ‘लावून घेतलं’चं अनुवादकाने काय केलं, हे तिला बघता येईल. तेव्हा ती तुमच्याकडे येऊन विचारेल, आणि बहुधा मराठीत विचारेल, कारण तो प्रश्न इंग्रजीत विचारताच येत नाही.

कवितांबद्दल. मागू नका. दाखवत नाही याचा अर्थ तुमच्यापासून लपवते असा लावू नका. सोळाव्या वर्षी कवितेची वही ही लावून घेतलेल्या दारासारखी असते. ते दार तिने लावून टाकलेलं नाही. तिला लिटरेचर एचएल का हवंय याचं खरं कारण त्या वहीत असेल, आणि ते तिला जेवणाच्या टेबलावर, मार्कांच्या हिशेबात, बाबांसमोर मांडता येत नसेल. म्हणून ती फक्त ‘मला हवंय’ म्हणते आणि तुम्हाला हट्ट वाटतो. तुम्ही स्वतः काय वाचताय ते मात्र तिला दिसू द्या. पुस्तक उपडं ठेवून उठा, एखादी ओळ मोठ्याने वाचा, तिने मान वर केली नाही तरी चालेल.

उद्या सकाळी तीन कामं करा. इंग्रजीच्या शिक्षकांना ते दोन अनोळखी उतारे आणि पहिल्या वर्षाची पुस्तकांची यादी मागा. कोऑर्डिनेटरना सेल्फ टॉटच्या विनंतीची मुदत आणि स्तर बदलण्याची शेवटची तारीख विचारा. बाबांना विद्यापीठांच्या अटींचा कागद करायला बसवा. हे तिन्ही कागद हाती येईपर्यंत जेवताना या विषयावर कुणी बोलायचं नाही असं ठरवा. नवव्या दिवशी सगळे कागद टेबलावर ठेवा, आणि बोलायची पहिली पाळी तिला द्या.